शिवण-विणकामाला टाइम काढता तरी कुठून? (मशीनवर इस्त्रीच्या कपड्यांचा डोंगर झालाय)

अर्धी_बाही | रविवार, रात्री ११:४०

तीन हिवाळे झाले, एक स्वेटर पूर्ण होऊन नाही राहिला. भाचीसाठी टाके घातले तेव्हा ती सहा महिन्यांची होती, पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, एक बाही झाली, दुसरी अर्धी होऊन थांबली ती थांबलीच. आता ती नर्सरीत जाते आणि तो स्वेटर तिच्या बाहुलीला बसेल.

नागपुरात मनीष नगरला राहते, मिहानमध्ये जॉब, कागदावर साडेनऊ ते साडेसहा, घरी पोचायला आठ. मुलगा नववीत, मुलगी दुसरीत. आईनं लग्नात दिलेली पायमशीन आहे, चालू आहे, पण तिच्यावर इस्त्रीचे कपडे, त्याच्यावर मुलीची ड्रॉइंगची वही, त्याच्यावर कोणाचं तरी हेल्मेट. आज ठरवलं होतं की जेवणं झाली की बसायचं, दोन उशांचे अभ्रे आणि एका कुर्त्याची फिटिंग, बस एवढंच. डोंगर उतरवला, बॉबिन शोधली तर तिच्यात लाल धागा, कापड पांढरं, पांढरा भरायला घेतला तर पट्टा ढिला, पट्टा कसाबसा बसवला तर सुई टोकाला वाकलेली, नवी सुई कोणत्या डब्यात ते आठवेना (बिस्किटांच्या त्या निळ्या डब्यात होती, सगळ्यांच्याच घरी असतो तो), तेवढ्यात बेल वाजली, मग चहा, मग अंधार. सवा तासात एक टीप मारली नाही आणि डोंगर परत मशीनवर.

सासूबाई म्हणतात, बाजारात मिळते नं सारं, कायले एवढा जीव काढते. वाईट बोलत नाहीत त्या, काळजीनंच म्हणतात, पण मला राग येतो आणि नेमका कशाचा ते सांगता येत नाही.

प्रश्न साधा आहे. नोकरी, घर, पोरं सांभाळून जे खरंच शिवतात-विणतात ते केव्हा करतात? "रोज पंधरा मिनिटं स्वतःसाठी काढा" हे नका सांगू जी, माझी पंधरा मिनिटं डबा शोधण्यातच जातात.

तर्री_जास्त | रविवार, रात्री ११:५२

नवऱ्याला भाजीला पाठवा, तेवढ्यात दोन अभ्रे होतात.

अर्धी_बाही | रविवार, रात्री ११:५५

मागच्या रविवारी पाठवला होता. मेथीच्या आठ जुड्या घेऊन आला, स्वस्त भेटली म्हणे. निवडायला कोण?

सुलट_उलट | सोमवार, सकाळी ९:२०

मेट्रोतून लिहून राहिले म्हणून चुका समजून घ्या. मी रोज लोकमान्य नगरहून सीताबर्डीपर्यंत येते, वीसेक मिनिटं बसायला मिळतं, संध्याकाळी परत तेवढंच. मागच्या वर्षी सहज मोजलं, ऐंशी टाक्यांची साधी ओळ मला चार मिनिटं लागते, म्हणजे जाता पाच ओळी, येता पाच. दिवसाच्या दहा. बाळाच्या स्वेटरची पाठ नव्वद ओळींची धरली, पुढचे दोन भाग मिळून तेवढंच काम, बाह्या पंच्याहत्तर ओळींएवढ्या धरा, सगळं मिळून अडीचशेच्या आसपास. महिनाभरात होतो! घरी सुई हातात न घेता. शिलाई जोडणं आणि गळपट्टी सोडून, ती मात्र घरीच.

पण प्रवासात फक्त बिनडोक काम न्यायचं, सगळं सुलट किंवा दोन सुलट दोन उलटची बॉर्डर. केबल (वेणीसारखी वीण), जाळीची वीण, बाहीच्या मुंढ्याची घट हे घरी. मी एकदा हौसेनं केबल घेऊन बसले, कॉटन मार्केट स्टेशन आलं तेव्हा कळलं की आपली सीताबर्डी गेली. आणि लांब सरळ सुया नका नेऊ, शेजारच्याच्या बरगडीत जातात, वायरवाल्या गोल सुया घ्या, त्यावर सपाट विणकामही होतं, ओळ संपली की फिरवायचं. ओळ अर्धी ठेवून उठायचं नाही, टाके ताणतात आणि पुढच्या वेळी कुठल्या दिशेनं चाललो होतो तेच कळत नाही.

अर्धी_बाही | सोमवार, दुपारी १:३५

अगं मी स्कूटीवर जाते, स्कूटीवर काय विणू. पण ते ओळींचं गणित भारी आहे, मी आजपर्यंत स्वेटर एवढाच हिशोब केला होता, ओळ नाही मोजली कधी.

काज_बटण | सोमवार, दुपारी ३:१०

मी हुडकेश्वरला ब्लाउज-ड्रेस शिवते, बावीस वर्षं झाली. ताई तुमचा टाइम शिवण्यात नाही गेला, मांडण्यात गेला. आमच्याकडे असं करून चालतच नाही.

मी एक ब्लाउज धरून शेवटपर्यंत कधी नेत नाही. पाच-सहा अस्तरं एकदम पाण्यातून काढते, वाळली की एकाच दिवशी सगळी कटिंग, प्रत्येकाचा गठ्ठा करून चिंधीनं बांधते, आत हुक, धाग्याची रीळ आणि मापाची चिठ्ठी. कटिंगला डोकं लागते आणि मोठी जागा लागते, ते काम सकाळी पोट्टे शाळेत गेल्यावरच. टीप मारायला फक्त मशीन लागते. हुक, काज, हातशिलाई तर टीव्हीसमोर बसूनही होते. ज्या वेळेला जे होते तेच करायचं. तुम्ही सारंच रविवारच्या दुपारवर टाकता नं, मग कसं होईल?

पट्ट्याचं: हुक काढा, अर्धा इंच पट्टा कापा, परत हुक लावा, पाच मिनिटांचं काम आहे. बॉबिन सहा घ्या आणि पांढरी, काळी, क्रीम, लाल, मेंदी भरूनच ठेवा. सुई १४ नंबरची साध्या सुती कापडाला, पातळ कापडाला ११, जीन्सला १६. बरेच दिवस मशीन बंद होती तर तेल द्या, दात्यांखालचा रोवा ब्रशनं काढा आणि आधी चिंधीवर चालवा, नाहीतर पांढऱ्या अभ्र्यावर तेलाचा डाग पडेल आणि मला शिव्या द्याल.

आणि उठताना मशीन अशी सोडायची की धागा ओवलेला, दाबाखाली कापडाचा तुकडा, सुई त्याच्यात खाली. परत आलं की बसायचं आणि पाय मारायचा. झाकण लावूच नका. झाकण लावलं की तिचं टेबल होते.

माझं विचाराल तर माझ्या स्वतःच्या ब्लाउजला दिवाळीपासून सेफ्टी पिन लावून हिंडून राहिली.

तर्री_जास्त | सोमवार, दुपारी ३:१८

शेवटची ओळ वाचून ऑफिसात हसलो, साहेबांनी पाहिलं.

हिशोबी | सोमवार, संध्याकाळी ६:०५

मला शिव्या पडतील, पडू द्या. हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, तिथे लहान मुलाचा चांगला स्वेटर लोकरीच्याच पैशात येतो. एक महिना रोज चाळीस मिनिटं म्हणजे वीस तास. वीस तास मजुरी लावली तर हा स्वेटर नागपुरातला सगळ्यात महाग स्वेटर होईल. वेळ नाही तर विकत घ्या, आणि ज्याला वेळ आहे त्यानं आनंदानं विणावं. यात एवढं रडण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

सुलट_उलट | सोमवार, संध्याकाळी ६:३०

जामठ्याला मॅच असली की सकाळपासून रांगेत उभे राहता त्याची मजुरी कोण लावते?

हिशोबी | सोमवार, संध्याकाळी ६:३४

ती करमणूक आहे.

काज_बटण | सोमवार, संध्याकाळी ६:४१

मग हे काय श्राद्ध आहे काय जी?

जुनी_सीताबर्डी | सोमवार, रात्री ९:१५

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा बरीच मोठी आहे, मोबाइलवर टाइप करायला नातवानं शिकवलं, हळूहळू लिहिते.

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. ती मिल जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं म्हणून तसं नाव. आता तिथे मॉल आहे. आमच्या घरात घड्याळ होतं पण आजी घड्याळ पाहत नसे, मिलच्या भोंग्यावर तिचा दिवस चाले. एक भोंगा झाला की आजोबांचा डबा, दुसरा झाला की धुणं, आणि दोन भोंग्यांच्या मध्ये जे उरे त्यात तिची सुई. हातानेच शिवायची, मशीन घरात फार उशिरा आली.

सगळे म्हणतात तुमच्या वेळी बायकांना वेळ होता. अजिबात नव्हता. पहाटे नळ यायचा, चूल, माणसं दहा. मी स्वतः शाळेत नोकरी केली आणि चार मुलांची स्वेटरं विणली तेव्हा लोक विचारत, तुम्हाला वेळ कसा मिळतो हो. खरी गोष्ट सांगते, मी कोणाला सांगितली नव्हती. घरात रिकाम्या हातानं बसलं की कोणी ना कोणी काम सांगे. जरा पाणी दे, जरा हे पाहा, जरा ते उचल. हातात सुया असल्या की "अगं ती विणतेय, थांब" असं म्हणायचे. पाठ टेकून बसायला मिळावं म्हणून मी विणायचे. स्वेटर आपोआप होत गेले, आणि काही तर इतके वाईट झाले की कोणी घातले नाहीत.

अर्धी_बाही, तुमच्या सासूबाई "कायले जीव काढते" म्हणतात त्याचा राग का येतो ते मला वाटतं मला कळलं. तुम्ही बसून राहिल्या आहात आणि त्यांना तेही काम दिसतं.

अर्धी_बाही | सोमवार, रात्री ९:५०

आजी, दोनदा वाचलं. हो, तेच आहे. मला स्वेटर नकोच आहे बहुतेक.

म्हणजे हवा आहे. पण घाई नाही आहे त्याची.

पायडल_मारो | सोमवार, रात्री ११:२०

मी पुरुष आयडी आहे, आधीच सांगतो. लॉकडाऊनमध्ये आईच्या मशीनवर मास्क शिवायला शिकलो, मग पिशव्या, मग स्वतःच्या पँटची उंची, आता शर्टपर्यंत आलोय (कॉलर अजूनही रडवते). माझा टाइम रात्री दहानंतर. फ्लॅटमध्ये खालच्यांची तक्रार आली होती की रात्री ट्रॅक्टर चालवता का, मग मशीनच्या चारी पायांखाली जुन्या गोधडीची चार घडी घातली, आवाज पुष्कळ कमी झाला, तक्रार थांबली.

पण रात्रीचा एक नियम अनुभवातून आलाय. साडेदहानंतर नवीन काही जोडायचं नाही. मी एकदा बाराला दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या, त्याही एकमेकींच्या जागी. रात्री फक्त सरळ टिपा, नाहीतर उसवणं. उसवायला थकलेलं डोकं चालतं, उलट बरं वाटतं.

एक गोष्ट मनात आहे ती लिहूनच टाकतो. मी पिशवी शिवली की घरी येणारा प्रत्येक जण कौतुक करतो, व्वा, स्वतः शिवली! बायकोनं सगळ्या घराचे पडदे शिवले, त्याबद्दल आजतागायत एकही माणूस बोलला नाही. ती म्हणते तुझा छंद आहे आणि माझी बचत आहे.

पवनार_रोड | मंगळवार, सकाळी ७:४०

वर्ध्याहून. हिशोबी यांच्यासाठी एक जुना हिशोब. १८६० च्या सुमाराला अमेरिकेत व्हीलर अँड विल्सन या मशीन कंपनीनं आकडे छापले होते, पुरुषाचा एक शर्ट हातानं शिवायला १४ तास २६ मिनिटं, मशीनवर १ तास १६ मिनिटं. म्हणजे एका शर्टामागे १३ तास १० मिनिटं वाचली. मला लहानपणापासून प्रश्न आहे की ते तेरा तास गेले कुठे?

सुलट_उलट | मंगळवार, सकाळी ९:१८

मेथी निवडायला.

पवनार_रोड | मंगळवार, सकाळी १०:०२

हाहा, मान्य. दुसरं सांगायचं होतं ते राहिलं. गांधीजी यंत्रांवर टीका करायचे पण शिवणयंत्राला त्यांनी १९२४ मध्ये उघड अपवाद केला होता, सिंगरनं बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते बनवलं असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांचा पेटी चरखा पाहिला असेल तुम्ही, येरवड्याच्या तुरुंगात तयार झाला म्हणून येरवडा चरखा म्हणतात त्याला. पेटी मिटली की हातात धरून कुठेही न्या, उघडली की दोन मिनिटांत सूत सुरू. काज_बटण ताई मांडामांडीबद्दल जे म्हणतात ते मला तिथे दिसतं. एवढा कामाचा माणूस, त्याच्याकडे दुपार कुठली रिकामी असणार, पण मांडायला वेळच लागत नव्हता. मी पण माझं क्रोशाचं काम जेवणाच्या जुन्या डब्यात ठेवते, सुई, दोरा, कात्री, झाकण बंद. डबा बॅगेत असतो. बँकेत टोकन घेतलं की उघडते.

धाबा_ते_बर्डी | मंगळवार, दुपारी २:२५

सगळं पटतं पण आपल्या नागपूरच्या हवेचं कोणीच बोललं नाही. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला लोकर हातात धरवते का? ॲक्रिलिकची लोकर घामानं सुईवर चुरचुर करत अडकते, ओळ पुढे सरकतच नाही. आणि शिवायला बसा तर कूलरसमोर पेपर कटिंग उडते, कूलर बंद करा तर आपण उडतो. मी उन्हाळ्यात कटिंग सकाळी सहाला जमिनीवर करते, चारी कोपऱ्यांवर वरण-भाताच्या वाट्या ठेवून.

मग थंडी. आपली थंडी किती, डिसेंबर-जानेवारी, धरून दीड-दोन महिने. पण पडली की पडते, २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ पर्यंत पारा गेला होता, मी तेव्हा स्वेटर विणत होते आणि तो झाला मार्चमध्ये. तेव्हापासून पोळा झाला की टाके घालते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक गेली की लोकर बाहेर, असं घरात सगळ्यांना पाठ झालंय. दिवाळीपर्यंत पाठ आणि पुढा, नंतर बाह्या. उन्हाळ्यात फक्त सुती दोऱ्याचं क्रोशे आणि शिवण.

हिशोबी | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

बरं. मी एक कबूल करतो. माझ्या आईनं विणलेला एक बिनबाह्यांचा स्वेटर माझ्याकडे आहे, मरून रंगाचा, खांद्याला उसवलाय, पाच वर्षं कपाटात आहे. त्याला काही करता येईल का? किती लागतील?

काज_बटण | मंगळवार, संध्याकाळी ७:४४

घेऊन या. मजुरी वीस तासांची लावीन.

सुलट_उलट | मंगळवार, रात्री ८:१०

उसवलं तिथे आधी एक सेफ्टी पिन लावून सुटलेले टाके पकडून ठेवा दादा, नाहीतर ओढताना ते खाली गळत जातील. धुवायला टाकू नका तोपर्यंत.

अर्धी_बाही | शनिवार, रात्री १०:३० (पाच आठवड्यांनी)

चर्चेचा हा जुना धागा वर काढतेय, माफ करा.

मशीन खिडकीजवळ हलवली, झाकण काढून माळ्यावर टाकलं. इस्त्रीचे कपडे आता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर असतात, डोंगर तोच आहे, जागा बदलली. बॉबिन सहा भरल्या. अभ्रे झाले, दोन वेगवेगळ्या दिवशी, एक सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. कुर्त्याची फिटिंग अजून नाही, तिला डोकं लागते.

स्वेटर उसवला. दीड बाही, पाठ, पुढा, सगळा. सासूबाई समोर बसल्या होत्या, मी उसवत गेले आणि त्या न सांगता गुंडाळत गेल्या, तासभर, टीव्हीही लावला नाही. त्यांना विणता येतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं! त्यांचं म्हणणं, लग्नानंतर कोणी सुया आणूनच दिल्या नाहीत. लोकर पार वेटोळी झाली होती, ती त्यांनीच लडी करून कोमट पाण्यात भिजवली आणि खाली वाटी लटकवून दोरीवर वाळवली, सरळ झाली.

आता भाचीसाठी टोपीचे टाके घातले आहेत. मुलाच्या ट्यूशनच्या बाहेर स्कूटीवर बसून विणते, अर्धा तास लवकर जाऊन. तिथल्या इतर आया आधी बघायच्या, आता एक जण रुमाल भरायला घेऊन येते.

पण एक अडचण आहे. दहा नंबरची एक सुई मुलीनं मिरचीच्या रोपाला आधार म्हणून कुंडीत खोचली, ती वाकली. एक दहाची आणि एक नऊची असं चालेल का? टोपी मी सरळ सुयांवर सपाट विणून मागून जोडणार आहे.

सुलट_उलट | शनिवार, रात्री १०:४१

नको नको. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि नऊ पावणेचार, एक ओळ घट्ट एक ओळ सैल येईल आणि टोपीवर पट्टे दिसतील. माझ्याकडे दहाची जादा जोडी आहे, बांबूची. तुम्ही उज्ज्वल नगरहून मेट्रोनं सीताबर्डीला या सोमवारी, मी साडेनऊला तिथेच बदलते.

अर्धी_बाही | शनिवार, रात्री १०:४५

साडेनऊला ऑफिस असतं गं माझं. संध्याकाळी?

सुलट_उलट | शनिवार, रात्री १०:४६

संध्याकाळी सात. पिवळी पिशवी असेल. आणि दोन जोड्या आणू का, सासूबाईंसाठी?

अर्धी_बाही | शनिवार, रात्री १०:५८

विचारून आले. म्हणतात, बारा नंबरची आण, दहानं सैल येते.